घोट्याला मोकळीक

उघड्या पायांनी जागच्या जागी एक उंच उडी मारा. आधी मांड्यांना ताण बसतो, मग गुडघे सरळ होतात आणि जमीन सुटता सुटता, अगदी शेवटी, टाच उचलली जाऊन चवडा जमिनीला रेटा देतो. हा शेवटचा रेटा घोट्यातून येतो. धावताना, जिना चढताना, लंगडी घालताना तो आपण न शिकता वापरतो. बर्फावर वेगाच्या शर्यती खेळणाऱ्यांना मात्र विसावं शतक सरत येईपर्यंत तो वापरता येत नव्हता. पायाखालचं पातं बुटाला पुढून आणि मागून घट्ट जखडलेलं असे. टाच उचलली की पात्याचं पुढचं टोक बर्फात रुतणार, बर्फ खरवडला जाणार आणि वेग मरणार. म्हणून शिकणाऱ्याला पहिल्यापासून बजावलं जाई, की रेटा संपेपर्यंत टाच खाली ठेव. भरभक्कम मांड्यांचे खेळाडू शरीरातला एक सांधा आवळून धरायला शिकत.

स्केट कुठलाही असो, तो घोट्याचं काय करतो हे मी आधी बघते. पात्याची जाडी, वाक, बुटाची उंची या गोष्टी मग आपोआप उलगडत जातात.

त्याआधी बर्फाविषयी थोडं. दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्केट घसरतो, असं आपल्यापैकी पुष्कळ जण शाळेत शिकले. पण बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. उणे दहा-पंधरा अंशांवरही माणूस सहज घसरत जातो, त्याचा खुलासा एवढ्यावर होत नाही. घर्षणातून निघणारी उष्णता, आणि बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच असलेला सैल रेणूंचा पातळ थर, ही दोन कारणं आज पुढे केली जातात. मायकेल फॅरडेने अशा थराची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच मांडली होती.

म्हणजे घसरायला पातं लागतच नाही. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफनने लंडनचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यातली तरुण पोरं गोठलेल्या दलदलीवर पायांखाली जनावरांची हाडं बांधून घसरतात आणि लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ रेटत पुढे जातात. काठी लागे, कारण हाडाला धार नसते. ते पुढे घसरतं तसंच बाजूलाही घसरतं, त्यामुळे पायाने रेटा द्यायला आधार मिळत नाही. नेदरलँड्समध्ये मध्ययुगात लाकडी तळव्याखाली लोखंडी पातं आलं आणि काठी सुटली. धार बर्फात किंचित शिरते. पातं लांबीच्या दिशेने सरकतं, आडव्या दिशेने अडतं. पाय तिरका टेकवून बाजूला रेटला की अंग पुढे जातं. स्केटिंगची सगळी हालचाल या एका गोष्टीवर उभी आहे. पुढच्या शतकांतला वाद इतकाच, की बर्फाला किती धरायचं आणि किती सोडायचं.

फिगर स्केटिंगचा स्केट बर्फाला घट्ट धरतो. त्याचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड. उलटं धरून पाहिलं तर तळाशी लांबच लांब पन्हळ कोरलेली दिसते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पन्हळीची गोलाई बहुधा ११ ते १३ मिलिमीटर त्रिज्येची असते. त्रिज्या लहान केली की पन्हळ खोल होते, धारा टोकदार होतात, पकड वाढते आणि घसरण कमी होते. खेळाडू हलका असेल तर थोडी खोल पन्हळ मागतो, कारण धार बर्फात रोवायला त्याच्याकडे वजन कमी. बाजूने पाहिलं तर पातं कमानीसारखं वाकलेलं, त्रिज्या सुमारे दोन ते अडीच मीटर. चवड्याखाली हा वाक आणखी तीव्र होतो. गिरकी घेणारा खेळाडू त्या इंचभर जागेवर फिरत असतो. आणि सर्वांत पुढे करवतीसारखे दात. हे दात थांबण्यासाठी आहेत असं नवख्यांना वाटतं आणि ते तोंडावर आपटतात. लुट्झ, फ्लिप, टो लूप या उड्यांत मागच्या पायाचा दात बर्फात रोवून वर झेप घेतात.

शेफील्डमधली जॉन विल्सन ही पाती घडवणारी कंपनी आपला इतिहास १६९६ पासून सांगते. पण आजचा फिगर स्केट जुळून आला तो एकोणिसाव्या शतकात, पातं बुटालाच पक्कं बसवल्यावर. अमेरिकेचा जॅक्सन हेन्स मूळचा नर्तक. पट्ट्यांनी बांधलेलं लाकडी-लोखंडी प्रकरण पायावर डुगडुगत असताना उडी मारणं किंवा बसून गिरकी घेणं अवघड होतं. त्याने पातं बुटाला जखडलं, आणि व्हिएन्नात संगीताच्या तालावर तो जे करू शकला त्यातून पुढचा खेळ उभा राहिला. त्याच व्हिएन्नात १८८२ साली नॉर्वेच्या आक्सेल पाउल्सेनने पुढे तोंड करून झेप घेत दीड फेरीची उडी मारली. आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाउल्सेन वेगाच्या शर्यतींतलाही मोठा खेळाडू होता, आणि ती उडी त्याने शर्यतीच्या स्केट्सवर मारल्याचं सांगतात. खेळांची वाटणी तेव्हा इतकी पक्की झाली नव्हती.

झेपेची उंची आणि फेऱ्या वाढत गेल्या तसा बूटही कडक होत गेला. उंच, जाड, घोट्याला चहूबाजूंनी पकडणारा. तीन-चार फेऱ्या मारून एका पायावर, मागे तोंड करून, बाहेरच्या धारेवर उतरायचं तर घोटा कलून चालत नाही. पण याची किंमत आहे. अनवाणी उडी मारून आपण उतरतो तेव्हा आधी चवडा टेकतो, मग टाच, आणि त्या एवढ्याशा हालचालीत बराच धक्का जिरतो. कडक बुटात घोटा तसा वाकू शकत नाही, मग धक्का वर चढतो तो गुडघ्यात, खुब्यात, कमरेत. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात घोट्यापाशी बिजागरी असलेला बूट या दुखण्यावर उपाय म्हणून तयार झाला. बाजूला कलू न देता पुढे-मागे हलू देणारा. तो बाजारातही आला, पण रुळला नाही. मला याचं वाईट वाटतं. लहानपणापासून जो बूट घालून उडीचं गणित अंगात मुरवलं, तो ऐन भरात कुणी बदलत नाही हे समजतं. पण ज्या वयात हे गणित मुरायचं असतं त्या वयातल्या मुलांसाठी तरी या बुटाचा विचार पुन्हा व्हायला हवा.

आइस हॉकीच्या स्केटला उड्या-गिरक्यांशी कर्तव्य नाही. झटक्यात वळणं, थांबणं, मागे पळणं आणि वेगाने अंगावर येणाऱ्या रबरी चकतीपासून पाय वाचवणं हे त्याचं काम. पातं साधारण तीन मिलिमीटर, दोन्ही टोकांना गोल, म्हणजे पुढे-मागे कुठेच अडकायला नको. ते प्लॅस्टिकच्या पकडीत बसवलेलं असतं आणि धार गेली तर आजकाल सामना चालू असतानाच काढून दुसरं लावतात. बूट कठीण कवचाचा, पण घोटा पुढे झुकेल इतपत मोकळा. गोलरक्षकाच्या स्केटचं पातं मात्र जाड, लांब आणि सपाट, कारण त्याला उभ्याउभ्या बाजूला सरकायचं असतं. पातं बुटाला कायमचं जोडून विकायची पद्धत हॉकीत आणण्याचं श्रेय कॅनडातल्या किचनर गावी १९२७ साली सुरू झालेल्या बाउअर कंपनीला देतात. त्याआधी बूट आणि पातं वेगवेगळं विकत घ्यावं लागे.

आता वेगाच्या शर्यतीकडे येऊ. इथे सगळंच उलटं होतं. पातं एक मिलिमीटरहून थोडंसंच जाड आणि चाळीस सेंटीमीटरच्या वर लांब, बुटाच्या पुढे-मागे बाहेर आलेलं. तळाला पन्हळ नाही, एकदम सपाट. वाक इतका सौम्य की त्रिज्या वीस मीटरच्या पुढे जाते, नुसत्या डोळ्यांना पातं सरळच दिसतं. दात नाहीत. बूट घोट्याच्या खालीच संपतो. इथे घोट्याला बाहेरून आधार देणारं काही नाही, खेळाडूने तो स्वतः कमवायचा.

हा स्केट मी पहिल्यांदा हातात घेतला तो ॲमस्टरडॅममध्ये, याप एडनच्या नावाच्या उघड्या रिंकवर. एडन १८९३ साली स्पीड स्केटिंगचा पहिला अधिकृत जगज्जेता ठरला आणि पुढे सायकलिंगमध्येही जगज्जेता झाला. शेजारच्या ॲम्स्टलवेनमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब मला तिथे घेऊन गेलं होतं. बाबा इंजिनिअर, मुलगी आठवीतली, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करणारी. मला वाटलं होतं धार लावायला मशीन असेल. तिने पिशवीतून लोखंडी चौकट काढून बाकावर ठेवली, दोन्ही स्केट्स त्यात उलटे बसवून स्क्रू आवळले. आता दोन पाती शेजारी शेजारी, एका उंचीवर, आकाशाकडे तोंड करून. मग काळ्या मार्करने तिने दोन्ही पात्यांचे तळ रंगवले.

"हे कशाला गं?"

"दगड कुठे लागतोय ते कळतं, मावशी. रंग सगळीकडून गेला पाहिजे. मध्येच राहिला तर मी तिथे कमी घासतेय."

तेलाचे दोन थेंब टाकून तिने जाड, लांबट दगड दोन्ही पात्यांवर आडवा ठेवला आणि तिरक्या चालीने टोकापासून टोकापर्यंत ओढायला सुरुवात केली. एकाच जागी घासलं तर पात्याचा वाक बिघडतो, मग वळणावर स्केट हवा तसा वळत नाही. दोन्ही पाती एकदम घासायची ती तळ काटकोनात राहावा म्हणून. दहा-पंधरा मिनिटांनी रंग पुसला गेला. पण काम संपलं नव्हतं. घासताना पोलाद कडेला दुमडून केसाइतकी बारीक कोर उभी राहते, ती छोट्या दगडाने बाजूने हलक्या हाताने काढावी लागते. शेवटी तिने अंगठ्याचं नख धारेवर आडवं ओढलं. नखाचा पांढरा कीस निघाला.

"आता बघा तुम्ही. घाबरू नका, बोट नको, नख लावा."

तिचे बाबा म्हणाले, "आम्ही पहिलं वर्ष दुकानात देत होतो. मग तिचे कोच म्हणाले, ज्याचं पातं त्याने घासायचं, म्हणजे पायाखाली काय चाललंय ते कळतं."

चौकटीतून काढल्यावर तिने स्केट माझ्या हातात दिला. मी टाच धरून बूट वर उचलला. बूट उचलला गेला, पातं खालीच राहिलं. बुटाची टाच पात्यावर नुसती टेकलेली होती. चवड्याखाली बिजागरी होती, तिच्याजवळ स्प्रिंग. हात सोडताच पातं परत येऊन बुटाला आपटलं, खट्! रिंकवर मघापासून जो आवाज ऐकू येत होता तो हाच.

या बिजागरीची कल्पना जुनी आहे. बव्हेरियातल्या बुर्गहाउझेनच्या कार्ल हानेसने १८९४ मध्येच अशा स्केटचं पेटंट घेतलं होतं. त्याचं पुढे काही झालं नाही. जवळजवळ नव्वद वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठात खेरिट यान व्हान इंगेन स्खेनाऊ हे हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी वेगळ्या वाटेने पोहोचले. त्यांचा गट उंच उडीतली स्नायूंची कामं तपासत होता. पोटरीचा एक मोठा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो. गुडघा सरळ होताना तयार झालेली ताकद तो घोट्यापर्यंत पोहोचवतो. मग बर्फावरच्या खेळाडूकडे पाहिलं तर काय दिसत होतं? घोटा उघडत नाही, आणि त्यामुळे गुडघाही पुरता सरळ व्हायच्या आत पातं बर्फ सोडतं. पायात शिल्लक असलेली ताकद तशीच उचलून परत आणली जाते. प्रत्येक रेट्याला, शर्यत संपेपर्यंत.

उपाय कागदावर सोपा होता. पातं चवड्याखाली बिजागरीने जोडा, टाच मोकळी सोडा. टाच उठली तरी पातं पूर्ण लांबीने बर्फावर सपाट राहील. व्हायकिंग या डच कंपनीने ऐंशीच्या दशकात नमुने बनवून दिले. अव्वल खेळाडूंनी ते नाकारले. यात त्यांची अगदीच चूक होती असं मला म्हणवत नाही. शतांश सेकंदांवर ज्याचं जगणं ठरतं, त्याने वर्षानुवर्षांची लय मोडून खडखडणारं नवं यंत्र पायात का घालावं?

सुरुवात झाली ती मुलांपासून. १९९४-९५ च्या हंगामात दक्षिण हॉलंडमधले अकरा तरुण खेळाडू अशा बिजागरीच्या, म्हणजे क्लॅप स्केट्सवर स्पर्धांत उतरले. हंगाम संपताना त्यांची सरासरी सुधारणा ६.२ टक्के भरली, जुन्या स्केट्सवरच्या बरोबरीच्या मुलांची २.५ टक्के. ज्या खेळात अर्ध्या टक्क्याने पदक जातं, तिथे हा आकडा फार मोठा होता. त्यानंतर डच महिला संघाने बदल केला. जानेवारी १९९७ मध्ये हेरेनवेनला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत टॉनी डी योंगने क्लॅप स्केट्सवर गुंडा नीमनला हरवलं. नीमन ही त्या काळची जवळजवळ अजिंक्य जर्मन खेळाडू. मग ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांनीही बिजागऱ्यांसाठी रांगा लावल्या.

नागानो ऑलिंपिक फेब्रुवारी १९९८ मध्ये भरलं, तोवर पुरुष-महिला सगळेच नव्या स्केट्सवर आले होते. तिथे पाच अंतरांचे विश्वविक्रम मोडले. योहान ओलाव्ह कॉसने १९९४ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर १३ मिनिटं ३०.५५ सेकंदांत कापले होते आणि तो विक्रम बराच काळ टिकेल असं मानलं गेलं होतं. नागानोत जान्नी रोमेने १३ मिनिटं १५.३३ सेकंद घेतले. दुसरा आणि तिसरा आलेले खेळाडूही कॉसच्या वेळेच्या आत होते. महिलांच्या पाच हजार मीटरमध्ये क्लाउडिया पेखश्टाइनने विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं आणि ०.०४ सेकंदाने मागे राहिली ती गुंडा नीमन. तिनेही आता तोच स्केट घातला होता.

मात्र ज्या कारणाने हा स्केट वेगवान ठरेल असं वाटलं होतं, ते कारण तपासात तितकं टिकलं नाही. त्याच विद्यापीठातल्या हान हाउडाइक आणि सहकाऱ्यांनी २००० साली जुन्या आणि नव्या स्केट्सवरच्या रेट्याची बारकाईने मोजणी प्रसिद्ध केली. फायदा खरा होता. पण तो पोटरीच्या जादा जोरातून आल्याचं दिसेना. जुन्या स्केटवर शेवटच्या क्षणी पाय फिरे तो पात्याच्या पुढच्या टोकाभोवती, म्हणजे बोटांच्याही बराच पुढे. बिजागरीने हा फिरण्याचा बिंदू मागे, चवड्याखाली आणला, आणि त्यामुळे एकूण रेट्यातली जास्त ताकद कामी येऊ लागली. या शोधनिबंधाच्या लेखकांत शेवटचं नाव व्हान इंगेन स्खेनाऊ यांचंच आहे. नागानोनंतर थोड्याच महिन्यांत, १९९८ मध्येच ते गेले. शिष्यांनी गुरूचा स्केट खरा ठरवला, त्यामागचा खुलासा दुरुस्त केला आणि दुरुस्तीवर गुरूचंही नाव ठेवलं. विज्ञानात याहून सुंदर आदर मला माहीत नाही.

याच गटाने त्याआधी पात्यांना बल मोजणारी उपकरणं लावून रिंकवरचं घर्षणही मोजलं होतं. ते सर्वांत कमी भरलं साधारण उणे सहा ते उणे नऊ अंशांच्या बर्फावर. त्याहून उबदार बर्फ मऊ पडतो, त्याहून थंड बर्फ पातं धरून ठेवतो. बर्फाचं तापमान म्हणजे स्केटच्या आराखड्याचाच एक भाग झाला.

शॉर्ट ट्रॅकमध्ये क्लॅप स्केटला बंदी आहे. १११.१२ मीटरच्या छोट्या फेरीत अनेक जण खेटून पळतात, पडतात, एकमेकांवर आदळतात. तिथे सुटं लटकणारं पातं धोक्याचं. म्हणून पातं दोन्ही टोकांना पक्कं, मागची टोकं नियमाने गोल केलेली. वळणावर खेळाडू इतका आत कलतो, की बूट बर्फाला घासू नये म्हणून पातं उंच बसवतात. शर्यत कायम डावीकडे वळणारी, म्हणून दोन्ही स्केट्सची पाती बुटाच्या मध्यावर न बसवता डावीकडे सरकवलेली, शिवाय वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेली. वाकही जास्त, त्रिज्या ८ ते १२ मीटर. अशा स्केटवर उजवीकडे वळायला गेलात तर तो साथ देत नाही.

भारतीय खेळाडूंचा संबंध येतो तो बहुतेक याच स्केटशी. ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा मार्ग आपल्याकडे नाही. त्यामुळे विश्वराज जडेजांसारख्या खेळाडूला लांब अंतराच्या शर्यतींसाठी नेदरलँड्स गाठावं लागलं. देहरादूनचा बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. लेहमध्ये हिवाळ्यात बर्फ धरतो तेव्हा खेलो इंडियाच्या स्पर्धा होतात, आणि तिथे महाराष्ट्राच्या मुलामुलींनीही पदकं मिळवली आहेत. आपल्याकडचा पाया इनलाइन स्केटिंगचा, डांबरी आणि सिमेंटच्या ट्रॅकवर घडलेला. खाली बसून रेटा देणं, डावीकडे पाय ओलांडत वळणं, घोटा बाहेरच्या आधाराशिवाय सरळ धरणं, हे चाकांवरून बर्फावर जसंच्या तसं येतं. येत नाही ती धार. पॉलियुरेथेनचं चाक थोडं कललं तरी जमीन धरतं. सपाट घासलेलं पातं जराशा चुकीच्या कोनात टेकलं की पाय निघून जातो. आणि चाक झिजलं तर बदलता येतं, पण पात्याला हाताने धार लावून देणारा माणूस पुण्या-मुंबईत शोधावा लागतो. बर्फाचे नवे रिंक होतील तेव्हा होतील. लेहला निघालेल्या प्रत्येक संघासोबत एक चौकट, दोन चांगले दगड आणि ते ओढायला शिकलेलं एक माणूस एवढं तर आजही पाठवता येईल.